कुलूप दिसतं, किल्ली कॉलेजातच असते

गेल्या पावसाळ्यात एम.ए.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात काउंटरवर आली. प्रकल्पाचा विषय १९७२चा दुष्काळ. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाली, "मॅडम, हवा तो लेख सापडलाय, पण उघडायला गेलं की चौतीस डॉलर मागतोय." तिची आजी त्या दुष्काळात खडी फोडायला जायची, कामावर मिळणाऱ्या सुकडीवर पोरांना जगवायची. घरात शंभरदा ऐकलेली ही गोष्ट तिला पुराव्यानिशी कागदावर आणायची होती. आणि चौतीस डॉलर म्हणजे तिच्या मेसचे महिन्याचे पैसे.

तो लेख तिला पाच मिनिटांत मिळाला, एक रुपया न देता. पैसे आधीच भरलेले होते, तिला ते कोणी सांगितलं नव्हतं एवढंच. तिच्या मार्गदर्शकांनाही कोणी सांगितलं नसावं.

पैसे कोणी भरले?

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. पेपरांत दोन दिवस मथळे आले, मग विषय मागे पडला. योजना साधी आहे. पूर्वी प्रत्येक विद्यापीठ, प्रत्येक आयआयटी परदेशी प्रकाशकांशी आपापली घासाघीस करून संशोधन नियतकालिकं घ्यायचं. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे वाचन. आता सरकारने एकदाच, सगळ्यांच्या वतीने वर्गणी भरली आहे. ३० मोठे प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, सरकारी व्यवस्थापनाखालच्या ६,३००हून अधिक उच्च शिक्षण आणि संशोधन संस्था, आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक, संशोधक. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी तरतूद ६,००० कोटी रुपयांची. विद्यापीठांची ग्रंथालयं एकमेकांशी जोडणारं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र हा सगळा कारभार बघतं.

माझा एक छंद आहे, सरकारी आकड्यांना डोक्यांनी भागून बघायचं. वर्षाला दोन हजार कोटी भागिले एक कोटी ऐंशी लाख, म्हणजे माणशी साधारण अकराशे रुपये. त्या मुलीने तो एकच लेख विकत घेतला असता तर जवळजवळ तीन हजार गेले असते. वर्षभराचं सगळं वाचन अकराशेत आणि एक लेख तीन हजारांत. प्रकाशकांची किरकोळ विक्रीची किंमत किती फुगवलेली असते, ते यावरून कळावं. त्यातही गंमत अशी की लेख लिहिणाऱ्या प्राध्यापकाला त्यातला छदामही मिळत नाही, आणि तो तपासून देणाऱ्या तज्ज्ञांनाही बहुधा नाही.

डेटाबेस म्हणजे नेमकं काय?

हे लेख ज्या संगणकी साठ्यांत ठेवलेले असतात त्यांना डेटाबेस म्हणतात. गूगल म्हणजे आठवडी बाजार. ताजी मेथी, कालची मेथी, प्लास्टिकच्या बादल्या आणि दातदुखीवरचं औषध विकणारा बाबा, सगळे एकाच रांगेत. जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे आधी लक्ष जातं. डेटाबेस म्हणजे एखाद्या नेटक्या घरातलं फडताळ. धान्य निवडून, चाळून डब्यांत भरलेलं आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: काय आहे, कुठलं आहे, कधी भरलं. लेखांच्या डब्यावरच्या चिठ्ठ्या म्हणजे लेखकाचं नाव, वर्ष, नियतकालिक, विषय आणि दहा ओळींचा सारांश. गूगलमध्ये आपण अख्ख्या बाजारात हाका मारत फिरतो. डेटाबेसमध्ये 'फक्त १९७२ ते १९८० मधलं, फक्त शीर्षकात हा शब्द असलेलं' असं नेमकं मागता येतं.

निवडून आणि चाळून म्हणजे काय? बहुतेक चांगल्या नियतकालिकांत लेख छापण्याआधी त्याच विषयातले दोन-तीन जाणकार तो तपासतात, शंका काढतात, परत पाठवतात. याला तज्ज्ञ-परीक्षण म्हणतात. ते झालं म्हणजे लेख ब्रह्मवाक्य झाला असं मात्र नाही. गोवराची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा कुप्रसिद्ध लेख १९९८ मध्ये 'लॅन्सेट'सारख्या नामांकित नियतकालिकात आला होता, आणि तो मागे घ्यायला २०१० साल उजाडलं. पण आज तो डेटाबेसमध्ये उघडलात तर वरच ठळक सूचना दिसते, की हा लेख मागे घेतला आहे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या त्याच्या नातवंडांवर अशी सूचना नसते.

कुलूप उघडतं कसं?

कॉलेजच्या आवारात, कॉलेजच्या वायफायवर असाल तर बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. प्रत्येक जोडणीला इंटरनेटवर एक नंबर असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. प्रकाशकाच्या संगणकाला आपल्या विद्यापीठाचे नंबर माहीत असतात. तिथून कोणी आलं की दार आपोआप उघडतं.

घरून किंवा मोबाइलच्या डेटावरून वाचायचं तर ओळख पटवावी लागते. इन्फ्लिबनेटची 'इन्फेड' नावाची सोय त्यासाठी आहे. सोसायटीच्या वॉचमनला आपण सांगतो ना, "बी विंगमधल्या कुलकर्ण्यांकडे जायचंय", आणि वॉचमन कुलकर्ण्यांना इंटरकॉमवर विचारतो, तसंच. प्रकाशकाच्या पानावर 'संस्थेमार्फत प्रवेश' अशा अर्थाचं बटण असतं. त्यात आपली संस्था निवडायची आणि संस्थेने दिलेलं युजरनेम, पासवर्ड टाकायचा. तो पासवर्ड तुमच्या ग्रंथपालांकडे मिळतो. मुलं तिथंच अडतात, कारण विचारायला कोणी येतच नाही. दरवर्षी पासवर्ड घेणाऱ्यांपेक्षा नो ड्यूजची सही घ्यायला येणारेच जास्त असतात. चौतीस डॉलर मागणारं पान दिसलं की त्या बटणाकडे न बघता मागे फिरायचं, हीच सवय झालेली.

'आणि' म्हटलं की कमी येतं

दार उघडलं. आता शोधायचं. मुलं सरळ प्रश्नच टाइप करतात, 'महाराष्ट्रातल्या १९७२च्या दुष्काळाची कारणं आणि परिणाम काय होते', तेही इंग्रजीत. गूगलला अशा गप्पा चालतात. बहुतेक डेटाबेसना तुमच्या प्रश्नाचा अर्थ कळत नाही, ते शब्द जुळवतात. म्हणून वाक्य मोडून त्यातले शब्द तेवढे काढायचे आणि अँड, ऑर, नॉट या तीन कड्यांनी जोडायचे. टाइप करताना हे इंग्रजी मोठ्या अक्षरांत.

इथे एक गोची आहे. हॉटेलात 'पोहे आणि चहा' म्हटलं की जास्त येतं. डेटाबेसमध्ये 'आणि' म्हटलं की कमी येतं. वधू-वर सूचक मंडळात नाव नोंदवलेल्या कोणालाही हे लगेच कळेल. 'डॉक्टर आणि पुण्याचा आणि निर्व्यसनी' म्हणत गेलात की यादी आखडत जाते. 'पुण्याचा किंवा नाशिकचा' म्हटलंत की फुलते. म्हणजे एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं 'ऑर'ने जोडून कंसात टाकायची आणि वेगवेगळ्या गोष्टी 'अँड'ने जोडायच्या. दुष्काळाची सगळी नावं एका कंसात, मग अँड, मग महाराष्ट्र. दोन-तीन शब्द याच क्रमाने हवे असतील तर अवतरणचिन्हांत. शब्दाच्या शेवटी फुली (*) मारली की त्या मुळापासून निघणारे सगळे शब्द येतात. 'नॉट' जपून वापरा, नको ते गाळताना हवं तेही गळतं.

हे तर्कशास्त्र जॉर्ज बूल नावाच्या इंग्रज गणितज्ञाचं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचं. त्याची बायको मेरी ही ज्यांच्या नावाने आपण एव्हरेस्ट शिखर ओळखतो त्या जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. याचा शोधाशी काही संबंध नाही, पण वर्गात सांगितलं की मुलं मान वर करतात.

दुष्काळ आणि कायद्यातून गेलेला शब्द

खरी मेख इथेच आहे. त्या मुलीने 'फॅमिन' हा शब्द टाकून सरकारी अहवाल शोधले. १९७२-७३चं जवळजवळ काहीच हाती लागेना. एवढा मोठा दुष्काळ, आणि सरकारदरबारी त्याचं नावच नाही?

नावच नव्हतं. महाराष्ट्राने १९६३ मध्ये एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला होता. त्याच्या जागी आला 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई. त्यामुळे पुढच्या सरकारी कागदांत दुष्काळ शोधायचा तर 'स्कॅर्सिटी' शोधावी लागते. अर्थशास्त्रज्ञांच्या लेखांत मात्र 'ड्रॉट' आणि 'फॅमिन' दोन्ही सापडतात. एकच आपत्ती, तीन नावं, आणि तिन्ही 'ऑर'ने जोडल्याशिवाय अर्धं साहित्य झाकलेलं राहतं.

आजीच्या खडी फोडण्याचंही तसंच. इंग्रजी अहवालांत तिचं काम 'मेटल ब्रेकिंग' या नावाने आहे. मेटल म्हणजे धातू नव्हे, रस्त्याची खडी. पाझर तलावाला 'पर्कोलेशन टँक', बांधबंदिस्तीला 'बंडिंग'. मे १९७३ मध्ये जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. पुढे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पाठपुराव्यातून आलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ मध्ये कायदा झाला, त्याचं मूळ या कामांपर्यंत पोचतं. हे शब्द कळेपर्यंत ती मुलगी लाखो लेखांच्या ढिगात चाचपडत होती. कळल्यावर चाळीस-पन्नास कामाचे लेख समोर आले.

गावांच्या नावांचंही हेच. जुन्या इंग्रजी लेखांत पुणे 'पूना' आहे आणि सोलापूर 'शोलापूर'. अहमदनगर आणि औरंगाबाद ही नावं बदलली, पण बदलापूर्वीचे लेख जुन्याच नावांखाली आहेत आणि तिथेच राहणार. ज्या काळाचं शोधताय त्या काळाचे, आणि ज्यांनी लिहिलं त्यांचे शब्द वापरावे लागतात. आपले आजचे शब्द त्या कागदांना ठाऊक नसतात.

हे शब्द आणायचे कुठून? एक चांगला लेख सापडला की त्याच्या सारांशाखाली दिलेले विषयशब्द वाचायचे आणि ते घेऊन पुन्हा शोधायचं. लेखाच्या शेवटची संदर्भसूची वाचायची. 'शोधगंगा' या इन्फ्लिबनेटच्या भांडारात भारतीय विद्यापीठांतले पाच लाखांहून अधिक पीएच.डी. प्रबंध कोणालाही मोफत वाचता येतात. त्यांतल्या काही प्रबंधांबद्दल न बोललेलं बरं, पण सुमार प्रबंधाचीही संदर्भसूची कामाची असते. कोणीतरी चार वर्षं खपून केलेली यादी आयती मिळते.

मराठीत शोधायचं तर?

मराठीत शोधताना आपलं व्याकरणच आडवं येतं. 'पाणी' शोधलं की साध्या यंत्रणेला 'पाण्याचा', 'पाण्यासाठी' सापडत नाही. 'पाऊस' शोधलं तर 'पावसाने' निसटतो, 'विहीर' म्हटलं तर 'विहिरी' राहतात. इंग्रजीतली फुलीची युक्ती इथे अर्धीच चालते, कारण सामान्यरूप होताना शब्दाचं मूळच बदलतं. दोन्ही रूपं वेगवेगळी शोधणं हाच उपाय. १९६२ पूर्वीचं लेखन असेल तर 'नांव', 'गांव', 'कांहीं' असे अनुस्वार देऊनही बघा.

त्याहून मोठी अडचण फॉन्टची. युनिकोड ही सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत रुळण्याआधी श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टाइप केलेल्या पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसतात, संगणकाला मात्र ती अक्षरांची खिचडी असते. स्कॅन केलेली जुनी पुस्तकं म्हणजे नुसते फोटो. तिथे शोधाची पेटी काही सापडलं नाही म्हणाली, तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही. अनुक्रमणिका उघडून पानं चाळायची, पूर्वीसारखी.

साहित्य मात्र आहे. मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे आणि विषयाची तोंडओळख करून घ्यायला त्यासारखी जागा नाही. जुने जिल्हा गॅझेटिअर राज्य सरकारने खुले केले आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने आपले कितीतरी जुने अहवाल आणि पुस्तकं स्कॅन करून ठेवली आहेत. आणि जुन्या शब्दाचा अर्थ अडला तर मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघता येतो.

ई-पुस्तक वाचता येतं, आपलं होत नाही

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये नियतकालिकं आहेत, पुस्तकं नाहीत. ई-पुस्तकं ग्रंथालय वेगळी घेतं आणि 'घेतं' हा शब्दही तितकासा खरा नाही. कपाटातलं पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचं असतं. ई-पुस्तक बहुतेकदा भाड्याचं असतं, अटींसह. काही परवान्यांत एका वेळी एकानेच वाचायचं. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री 'पुस्तक सध्या वापरात आहे' असं दिसतं आणि मुलं चिडतात की फाइल कशी काय संपते. फाइल संपत नाही, परवानगी संपते. हार्पर कॉलिन्सने २०११ मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथालयांना अट घातली होती की २६ वेळा पुस्तक दिलं की परवाना बाद, पुन्हा पैसे भरा. कागदी पुस्तक २६ वाचकांत झिजतं असं त्यांचं म्हणणं. आमच्या कपाटात १९५०च्या आसपासची पुस्तकं आहेत, पाठ निघालेली, बाइंडिंग दोनदा केलेली आणि अजून वाचली जाणारी. असो.

वापरताना एवढं सांभाळा. संशोधनाचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं नसतं. अनुक्रमणिका बघून प्रकरण निवडा आणि पुस्तकाच्या आतल्या शोधात आपले शब्द टाका. अख्खं पुस्तक उतरवता येत नसलं तरी एखादं प्रकरण उतरवून घेता येतं. संदर्भ देताना पीडीएफच्या पानावर छापलेला क्रमांक चालतो, कारण तो छापील पुस्तकातलाच असतो. ई-पब प्रकारच्या पुस्तकात अक्षर मोठं केलं की पानं सरकतात. तिथे प्रकरणाचा क्रमांक द्या. आणि नोंद वाचतानाच करा. 'नंतर करू' म्हटलेले संदर्भ प्रबंध जमा करायच्या आदल्या रात्री सापडत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय, दरवर्षी बघते.

पण गूगल स्कॉलर आहे की!

आहे, आणि गूगलचा हा फक्त संशोधनलेखांसाठीचा शोध चांगला आहे. एखादा लेख पुढे कोणी कोणी उद्धृत केला हे तो दाखवतो, त्यामुळे १९७०च्या दशकातल्या लेखापासून आजपर्यंत साखळी पकडत येता येतं. पण तो चाळणी लावत नाही. 'तीन दिवसांत छापून देतो, फक्त फी भरा' असा धंदा करणाऱ्या नियतकालिकांतले लेखही तिथे बाकीच्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेले असतात. सुरुवात तिथे करा, पण लेख उघडायला आणि पारखायला ग्रंथालयात या.

एआयला विचारलं तर?

विषय समजून घ्यायला किंवा शोधासाठी पर्यायी शब्द सुचवायला विचारा. संदर्भ मागू नका. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे कोर्टात सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. आमच्याकडेही अशी यादी घेऊन मुलं येतात: लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्षही पटण्याजोगं, फक्त लेख कधी लिहिलाच गेला नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे डीओआय, बहुतेक नव्या लेखांना मिळणारा कायमचा नंबर, आधार क्रमांकासारखा. तो टाकल्यावर भलताच लेख उघडला किंवा काहीच उघडलं नाही, तर समजून जा.

आमचं कॉलेज यादीत नाही, मग?

खासगी संस्था या योजनेच्या सध्याच्या टप्प्यात नाहीत. अनुदानित महाविद्यालय असेल तर इन्फ्लिबनेटच्याच 'एन-लिस्ट'ची चौकशी करा. त्यातून मोठ्या प्रमाणावर ई-पुस्तकं मिळतात. तेही नसेल तर जेस्टोर या भांडारात नुसतं खातं उघडून महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात. आमच्या विषयांना ते वरदान आहे, कारण 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे जुने अंक तिथे आहेत. आणि शेवटचा, सगळ्यात कमी वापरलेला उपाय म्हणजे लेखकाला सरळ ईमेल करणं. चार ओळींचं नम्र पत्र लिहिलं की बरेच प्राध्यापक आनंदाने लेख पाठवतात. आपलं कोणीतरी वाचतंय याचं त्यांनाही अप्रूप असतंच.

शाळेतल्या मुलांचं काय?

त्यांना १३,००० नियतकालिकांची गरज नाही. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय शालेय मुलांनाही खुलं आहे, मात्र त्यातल्या काही दुव्यांच्या टोकाला पुन्हा कुलूपच भेटतं, हे आधीच सांगून ठेवा. लहानांच्या गोष्टींपासून अठरा वर्षांपर्यंतच्या वाचनासाठी केंद्राचं राष्ट्रीय ई-पुस्तकालय आहे, त्यात मराठी पुस्तकंही आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तर पीडीएफमध्ये कधीही उतरवता येतात. आठवीतल्या मुलाला 'नदी' या विषयावर प्रकल्प करायचा असेल तर विश्वकोशातली एक नोंद आणि आपल्या जिल्ह्याच्या गॅझेटिअरमधली चार पानं पुरेत, फक्त ती कुठून घेतली ते खाली लिहायची सवय त्याच वयात लावा.

ती मुलगी मागच्या आठवड्यात परत आली होती. आजीला विचारून शब्दांची यादीच करून आणलेली, वहीच्या मागच्या पानावर: मिलो, सुकडी, मुकादम, हजेरी, पगारवाटप. मिलोला तांबडी ज्वारी म्हणतात हे तिने स्वतःच शोधलं होतं. "सुकडी अहवालात कुठल्या नावाने असेल, मॅडम?" आम्ही तीन शब्द काढले, फीडिंग, न्यूट्रिशन आणि रिलीफ, तिन्ही 'ऑर'ने जोडले, पुढे अँड महाराष्ट्र लावलं आणि एंटर दाबलं.